जादा 'ए' कुणाच्या नावावर?

चर्नी रोड स्टेशनजवळचं शासकीय मुद्रणालय गिरगावकरांना एका खास कामासाठी ठाऊक असतं. नाव 'गॅझेट करायला' लोक तिथं येत आले आहेत. आता अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण मामला तोच: महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जुनं नाव आणि नवं नाव छापून आलं की बदल पक्का. कुणी लग्नानंतर बदलतं, कुणी घटस्फोटानंतर, कुणाला आडनाव नकोसं झालेलं असतं. या गर्दीत काही जोड्या अशा असतात की दोन्ही नावं मोठ्यानं वाचली तर ऐकणाऱ्याला काहीच फरक कळू नये. फरक असतो तो एका जादा 'ए'चा, मध्येच घुसलेल्या 'एच'चा किंवा 'आय'च्या जागी आलेल्या 'डबल ई'चा.

खरं तर नाव ठेवण्याचा आपला जो विधी आहे, त्यात स्पेलिंगला जागाच नाही. बाराव्या दिवशी आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात नाव सांगते, कुर्रर्र करते आणि पाठीत धपाटे खाते. नाव कानातून येतं. कागदावर ते मागाहून उतरतं आणि तेही दोनदा, कारण मुंबई महापालिकेच्या जन्मदाखल्यावर मजकूर मराठीत असतो तसा इंग्रजीतही. म्हणजे मुलाचं नाव वेगळ्या पद्धतीनं लिहावं का, हा मराठी घरात एक नव्हे, दोन प्रश्न आहेत. आईबाप डोकं खाजवतात ते बहुधा इंग्रजीपुरतंच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नाव हवं तेवढं आगळं ठेवावं, त्याला कुणाची ना नसावी. पण लिहिताना प्रत्येक अक्षराला आवाज असावा. ज्या अक्षराला आवाज नाही, त्यानं मुलाच्या कागदपत्रांत जन्मभर फुकट राहू नये.

बिनआवाजी अक्षरं येतात कुठून? हल्ली सगळ्यांत जास्त येतात ती अंकशास्त्रातून. या पद्धतीत रोमन अक्षरांना आकडे दिलेले असतात आणि नावाची बेरीज शुभ आकड्यावर आणायची असते. 'ए'ची किंमत एक, म्हणून बेरजेला एक कमी पडला की एक 'ए' चिकटवायचा. आपल्याकडे या बेरजांना मोठा वाचकवर्ग मिळवून दिला तो 'कीरो' या टोपणनावानं लिहिणाऱ्या आयरिश भविष्यवेत्त्यानं. त्याचं मूळ नाव विल्यम जॉन वॉर्नर, काळ १८६६ ते १९३६. नाव तर त्यानं स्वतःचंही बदललंच होतं. आपल्याकडे पुढे जयललितांनी २००१ च्या सुमारास नावाला शेवटचा 'ए' जोडला. येडियुरप्पांनी २००७ मध्ये स्पेलिंग बदललं आणि २०१९ मध्ये पुन्हा जुनं केलं. अजय देवगणनं आडनावातला एक 'ए' गाळला, आणि आपल्या लातूरच्या रितेश देशमुखच्या इंग्रजी नावात एक 'आय' जास्तीचा आहे. यातली गंमत अशी की मराठी पेपरात रितेश हा रितेशच राहतो. देवनागरीत ही सगळी करामत दिसतसुद्धा नाही.

जुन्या ज्योतिषाची रीत याहून शहाणी होती, असं मी म्हणेन. ज्योतिषावर माझा विश्वास नसूनही. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, एकूण १०८ चरणाक्षरं. अश्विनीला चू, चे, चो, ला. भरणीला ली, लू, ले, लो. इथपर्यंत ठीक. पण हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर 'ण', आर्द्रेच्या तिसऱ्याचं 'ङ' आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याचं 'ञ'. या अक्षरांवरून नाव काय ठेवणार, कपाळ? म्हणून लोकांनी सरळ दोन नावं केली, जन्मनाव पत्रिकेत आणि दुसरं व्यवहारात. ग्रहांची समजूत पत्रिकेत काढायची आणि माणसांची सोय शाळेच्या दाखल्यावर पाहायची. अंकशास्त्रानं ही मधली भिंत पाडली. त्याची बेरीज थेट आधार कार्डावर जाते.

स्पेलिंगचा घोळ मुंबईत आजचा मात्र नाही. गिरगावचे जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट घ्या, जन्म १८०३, मृत्यू १८६५. इंग्रजी कागदपत्रांत ते 'जुगोनाथ संकरसेट' असे वाचावे लागतील अशा अक्षरांत सापडतात. साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्यानं लिहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम विल्सन हंटर यांच्या लिप्यंतर पद्धतीला सरकारी मान्यता मिळाली. 'अ'साठी 'यू' लिहायचं सोडून 'ए' लिहायला लागले, आणि संकरचा शंकर झाला. आजच्या सरकारी स्पेलिंगांचं मूळ तिथं आहे. आपल्या माणसांनी मराठीत तरी एकमत करावं ना? नानांच्या नावाचा रस्ता कुठं 'शंकरशेट' तर कुठं 'शंकरशेठ'.

वस्त्यांची नावंही काही साळसूद नाहीत. लालबागचं इंग्रजी स्पेलिंग नियमानं वाचलं तर 'लालबौग' व्हायला हवं. परळमधला 'ळ' रोमनमध्ये मावत नाही, म्हणून इंग्रजी फलक वाचणारा परप्रांतीय 'परेल' म्हणतो आणि आपण दर वेळी दुरुस्त करतो. गिरगावच्या जुन्या स्पेलिंगला शेवटी 'एम' आहे. पूर्वी आपण 'गांव' अनुस्वार देऊन लिहीत असू. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, तेव्हा गावाच्या डोक्यावरचं टिंब गेलं. इंग्रजीतला 'एम' मात्र गिरगाव चौपाटीच्या फलकांवर त्या टिंबाची आठवण ठेवून आहे. मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो. मराठीनं एकदा जाहीर ठरवलं आहे की जे उच्चारात नाही ते लिहायचं नाही. साठ वर्षांनी आपण तेच अनुच्चारित टिंब रोमन अक्षराच्या रूपानं पोरांच्या नावांत परत आणतो आहोत.

पण याच न्यायानं काही विचित्र दिसणारी स्पेलिंगं राखलीच पाहिजेत. ज्ञानेश्वर, प्रज्ञा, यज्ञेश ही नावं मराठी माणूस 'डी-एन-वाय' घालून लिहितो. उत्तरेकडचा त्याच 'ज्ञ'ला 'ग्य' म्हणतो आणि तसंच लिहितो. दिल्लीच्या बँकेतून फोन करणारा मुलगा आपल्या ज्ञानदाचं नाव घेताना 'डी... डिन...' करून अडखळतो, तेव्हा वाटतं, लिहावं का सरळ 'ग्यानदा'? अजिबात नाही. ते आपल्या तोंडातलं 'द्न्य' आहे, त्या तीन अक्षरांना आवाज आहे. 'ऋ'चंही तसंच. हिंदीवाला 'रितु' म्हणतो, आपण 'रुतू', म्हणून आपली ऋतुजा आणि ऋतुराज 'आर-यू'नं सुरू होतात, अमृता आणि मृणालमध्ये 'यू' येतो. हृषीकेश तर बिचारा तीन-चार तऱ्हांनी लिहिला जातो, कारण सुरुवातीचा 'ह' कुणाला ऐकू येतो, कुणाला नाही.

सईचा पेच याहून अवघड. इंग्रजीत 'एस-ए-आय' लिहिलं की शिर्डीचे साई झाले. म्हणून काही घरांनी शेवटी 'डबल ई' आणला, काहींनी मध्ये 'वाय' घातला. बाहेरच्याला हे फॅशन वाटेल, पण इथं जादा अक्षर काम करतं आहे: ते 'ई' वेगळी म्हणायला लावतं. जुई, सायली, मंजिरी यांच्या शेवटची 'डबल ई' ही मराठी घरांची जुनी सवय आहे आणि ती मला आवडते. तिच्यात दीर्घ 'ई' दिसते.

आता दुसऱ्या लिपीकडे या. तिथं आईबापांचा उत्साह एकदम ओसरतो. लालबाग-परळमध्ये गणपतीच्या दिवसांत शुभेच्छुकांचे फ्लेक्स लागतात, त्यावर एक 'संदिप' आणि एक 'संदीप' शेजारी शेजारी हसत उभे असतात. बरोबर कोण? दुसरा. दीप दीर्घच. म्हणून दीपक, प्रदीप, संदीप. रवि आणि इंद्र मिळून रवींद्र, तिथं ऱ्हस्व 'वि' बसतच नाही, पण दुकानांच्या पाट्यांवर निम्मे तरी 'रविंद्र' दिसतील. सुनीलचा सुनिल, श्रुतीची 'श्रृती', मिलिंदचा 'मिलींद'. त्या 'श्रृती'त तर 'र' आणि 'ऋ' एकाच अक्षराला लोंबकळतात. इंग्रजीत एक 'ए' कुठं घालावा म्हणून फी मोजणारे लोक मराठी दाखल्यावरची वेलांटी वाचतसुद्धा नाहीत. आणखी एक: व्यक्तीचं नाव मराठीत दीर्घान्त लिहायचं असा नियमच आहे, म्हणून आपल्याकडे अदिती आणि हरी. 'अदिति' संस्कृतात आणि हिंदीत चालेल. 'माझं नाव आहे, मी कसंही लिहीन' म्हणणाऱ्याशी मी भांडणार नाही, पण ती निवड असावी. टायपिंग करणाऱ्यानं घातलेली वेलांटी ही निवड नव्हे.

या सगळ्याला पूर्वी फारसा अर्थ नव्हता, कारण माणसं चेहऱ्यानं ओळखली जात. गिरणगावानं मात्र नाव न जुळण्याची किंमत आधीच पाहिली आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या गेल्या, आणि अनेक वर्षांनंतर म्हाडाच्या घरांसाठी अर्ज करताना कामगारांना आणि वारसांना जुने कागद बाहेर काढावे लागले. गिरणीचं ओळखपत्र, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद. एका कागदावर पांडुरंग, दुसऱ्यावर पांडू, तर या दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. तिथं स्पेलिंग कुणी हौसेनं बदललं नव्हतं. कारकुनानं लिहिलं, तेच आयुष्यभर चालत राहिलं.

आज कारकुनाच्या जागी संगणक आहे आणि तो समजुतीनं घेत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंतचा मुख्य पुरावा आहे. आधारमध्ये नावाची दुरुस्ती जन्मात दोनदाच करता येते. शाळेतल्या मुलांचा 'अपार' हा ओळख क्रमांक काढताना आधारवरचं आणि शाळेतलं नाव जुळत नसेल तर गाडी तिथंच अडते. त्यात महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही आलं: मुलाचं, आईचं, वडिलांचं आणि आडनाव. निर्णय उत्तम. पण चार शब्द, दोन लिप्या, म्हणजे चुकायला आठ जागा. त्यांत आणखी एक आपण होऊन वाढवावी का?

काही देशांनी हा प्रश्न आईबापांवर सोडलेला नाही. आइसलँडमध्ये १९९१ पासून नावांची समिती आहे, नवं नाव त्यांच्या व्याकरणात आणि लिपीत बसतं का हे ती पाहते. जपानची अडचण आपल्या बरोबर उलट: तिथं चित्रलिपीतली अक्षरं नेहमीचीच ठेवायची आणि उच्चार भलताच सांगायचा अशी टूम निघाली होती. मे २०२५ पासून तिथल्या कुटुंबनोंदीत उच्चारही नोंदवावा लागतो आणि अक्षरांशी संबंध नसलेला उच्चार नाकारता येतो. आपल्याकडे असली समिती नको. तिच्यावर कोण बसेल, या कल्पनेनंच धडकी भरते.

माझ्या मताला सगळ्यांत सणसणीत उत्तर मिळतं ते दादरमध्ये. प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे दादरला राहिले. त्यांच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग विल्यम मेकपीस थॅकरे या इंग्रज कादंबरीकारावरून घेतलेलं आहे, असं सांगतात. तो जन्मला १८११ मध्ये, तेही कलकत्त्यात. हंटरसाहेबांच्या नियमांत ते स्पेलिंग बसत नाही. मधला 'सी' कशाला, शेवटचा 'ए-वाय' कशाला, माझ्या कसोटीवर ते सपशेल नापास. आणि तरीही आज महाराष्ट्रात ते कुणाला विचारावं लागत नाही, शाळकरी पोरही बिनचूक लिहितं. तेव्हा विचित्र स्पेलिंग रुजतच नाही असं म्हणता येणार नाही. फरक इतकाच की ती आवड एका वाचनवेड्या, समजत्या माणसाची होती आणि ती त्यानं आपल्या स्वतःच्या सहीत उतरवली. पाळण्यातल्या पोरीनं अजून काही वाचलेलं नाही. अठराव्या वर्षी तिला वाटलं तर तीही करील, कायदा आडवा येत नाही.

तोवर आईबापांना घाई करण्याचं कारण नाही. जन्म २१ दिवसांत नोंदवावा लागतो, नाव नव्हे. नावाची जागा रिकामी ठेवून नोंद करता येते आणि पुढचे १२ महिने नाव घालायला शुल्क पडत नाही. त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येतं. मात्र एकदा घातलेलं नाव केवळ मन बदललं म्हणून बदलून मिळणं कठीण. दुरुस्ती होते ती चुकीची. म्हणून त्या वर्षभरात एक करावं. ठरवलेलं नाव आजीला, सोसायटीच्या वॉचमनला आणि शाळेतल्या एखाद्या क्लार्कला नुसतं तोंडी सांगावं, आणि दोन्ही लिप्यांत लिहून मागावं. तिघांचं एकसारखं आलं, तर वॉर्ड ऑफिस गाठून फॉर्म भरावा.