पहिली सर आणि निसटते चाक

मे संपत आला की खांदा कॉलनीतल्या सोसायट्यांमध्ये पावसाळ्याची तयारी दिसू लागते. गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा थर चढतो, खिडक्यांना ताडपत्र्या लागतात, माळ्यावरच्या छत्र्या खाली उतरतात. आवारात उभ्या असलेल्या गाड्यांच्या वाट्याला मात्र यातले फारसे काही येत नाही. फार तर वायपर बदलले जातात, तेही पहिल्या सरीत काचेवर पाणी पसरून समोरचे दिसेनासे झाल्यावर.

खरे तर या वसाहतीइतकी गरज फार थोड्या ठिकाणी असेल. इथून निघालेली गाडी थोड्याच वेळात कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चढते, नाहीतर पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागते, नाहीतर सायन-पनवेल महामार्गावरून मुंबईकडे वळते. तिन्हीकडे वेग आहे आणि सोबतीला जेएनपीटीचे कंटेनर व कळंबोलीच्या लोखंड बाजारातले अवजड ट्रक आहेत. आणि पाऊस आता ठरलेल्या तारखेची वाट पाहतोच असे नाही. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच येऊन पोहोचला. ‘जून उजाडला की टायर बघू’ म्हणणाऱ्यांना त्या वर्षी सवड मिळालीच नाही.

धो धो पावसाची भीती सगळ्यांनाच वाटते. पण रस्ता सर्वांत फसवा असतो तो पहिल्या रिमझिमीत. कोकणात ऑक्टोबरनंतर सात-आठ महिने रस्ता जवळजवळ कोरडाच असतो. या काळात इंजिनातून ठिबकलेले तेल, सांडलेले डिझेल, टायरची झिजलेली पूड आणि धूळ यांचा थर डांबराच्या बारीक खाचांत बसतो. पहिली हलकी सर हा थर धुऊन नेत नाही, फक्त भिजवते. पाणी, तेल आणि मातीचे गुळगुळीत मिश्रण रस्त्यावर पसरते. पुढे जोराचा पाऊस पडला की ते वाहून जाते आणि रस्ता थोडा सुधारतो. अमेरिकेतील अपघातांच्या पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासून डॅनियल आयझेनबर्ग यांनी २००४ मध्ये हेच दाखवले होते: आधीच्या पावसाला जितके जास्त दिवस उलटलेले, तितका नव्या पावसातला अपघाताचा धोका मोठा. तिथे दोन पावसांमधले अंतर बहुधा दिवसांत मोजायचे. आपल्याकडे ते महिन्यांत जाते.

बर्फाळ देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना गाडीची ऋतूनुसार तयारी नवी नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात गाडीला हिवाळी टायर असणे कायद्यानेच बंधनकारक आहे. थंडीत साधे रबर कडक होऊन पकड सोडते, म्हणून हे टायर मऊ रबराचे आणि वेगळ्या नक्षीचे असतात. आपल्याला टायर बदलायला लावणारी अशी तारीख नाही, पण घसरण्याचे शास्त्र तेच आहे.

चारचाकीचा प्रत्येक टायर कोणत्याही क्षणी साधारण तळहाताएवढ्या जागेवरच रस्त्याला टेकलेला असतो. हजार किलोची गाडी वळवायची, थांबवायची, सगळे काम या चार तळहातांनी करायचे. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक सुमारे ०.७ धरला, तर ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण ३६ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.४ पर्यंत खाली आला की हेच अंतर ६३ मीटर होते. बर्फावर, ०.१ धरून, ते अडीचशे मीटर भरते. यात चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. त्या एका सेकंदातच गाडी आणखी २२ मीटर पुढे गेलेली असते.

हेच गणित उलट करून पाहिले तर अधिक उपयोगाचे आहे. ओल्या रस्त्यावर ६० च्या वेगाने जाणारी गाडी थांबायला जेवढे अंतर घेते, तेवढे कोरड्या रस्त्यावर ८० ची गाडी घेते. म्हणजे पावसात काटा ६० वर असला तरी ब्रेकच्या हिशेबाने आपण ८० नेच चाललेलो असतो. पुढच्या गाडीपासून राखायचे अंतरही त्यामुळे वाढते. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे मोजायला लागावे. आपण त्या खांबाशी ‘एक हजार चार’च्या आत पोहोचलो, तर पावसाच्या मानाने आपण फार जवळ आहोत. मध्ये कोणी घुसतोच, ही तक्रार खरी आहे. तो घुसला की पुन्हा थोडे मागे राहायचे, याला दुसरा इलाज नाही.

पाऊस वाढला की घसरण्याचा दुसरा प्रकार सुरू होतो, तो तेलाचा नव्हे, निव्वळ पाण्याचा. रस्त्यावर अवघे तीन मिलिमीटर पाणी असले, तरी ८० च्या वेगाने जाणाऱ्या साध्या टायरला सेकंदाला दहा लिटरहून जास्त, म्हणजे बादलीभर पाणी वाटेतून बाजूला सारावे लागते. टायरवरच्या खाचा त्यासाठीच असतात. खाचा झिजल्या किंवा वेग फार झाला की पाणी सटकायला वेळ मिळत नाही, ते टायरखाली पाचरीसारखे शिरते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागते.

ओल्या धावपट्टीवर विमाने का घसरतात, याचा शोध घेताना अमेरिकेतील नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ मध्ये या प्रकाराचे गणित मांडले. टायरच्या खाचांत मावणार नाही इतके पाणी रस्त्यावर असेल, तर चाक कोणत्या वेगाला तरंगेल हे मुख्यत्वे टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरते. त्यांच्या सूत्रानुसार ३२ पीएसआय हवा असलेल्या टायरसाठी हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना १०० ची मर्यादा आहे. म्हणजे मुसळधार पावसात सगळे नियम पाळूनही गाडी पाण्यावर तरंगू शकते. फलकावरचा आकडा चांगल्या हवेसाठी असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

हवा २४ पीएसआयपर्यंत उतरली असेल तर तोच वेग ८२ वर येतो. पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, असा सल्ला पंक्चरच्या टपरीवर हमखास मिळतो. वाळूत रुतलेल्या गाडीपुरता तो ठीक आहे, पाणी साचलेल्या महामार्गावर नेमका उलटा. नीट टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय हवा आपसूक कमी होते, तेव्हा पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी गार टायरची हवा तपासून घ्यावी. चालकाच्या दाराच्या चौकटीवर बहुधा योग्य दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो. टपरीवाल्याला तो आकडा आपण सांगायचा.

खाचांची खोली घरीही मोजता येते. आगकाडी खाचेत उभी धरावी, टायरच्या कडेशी नखाने खूण करावी आणि पट्टीवर मोजावी. नव्या टायरची खोली साधारण ८ मिलिमीटर असते. मोटारींसाठी नियमाची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. टायरच्या कडेला ‘टीडब्ल्यूआय’ची खूण असते, तिच्या रेषेत खाचेत दिसणारा छोटा उंचवटा हीच मर्यादा दाखवतो. पण टायर १.६ ला एकदम निकामी होतो आणि १.७ ला उत्तम असतो, असे नाही. तीनच्या आसपास आलेला टायर पावसाळ्याआधी बदलणे शहाणपणाचे, आणि ते सीट कव्हरपेक्षा आधी.

चाक तरंगले हे कसे कळते? स्टिअरिंग अचानक हलके पडते, पाण्याचा फवाऱ्याचा आवाज बदलतो, कधी इंजिनाचे आवर्तन उगाच चढते. अशा वेळी ब्रेकवर उभे राहणे किंवा स्टिअरिंगला झटका देणे ही सहज होणारी पण वाईट चूक. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच उचलावा, स्टिअरिंग सरळ धरावे. वेग उतरला की टायर पुन्हा रस्ता पकडतो. क्रूझ कंट्रोल असेल तर ते पावसात बंदच असावे. ट्रकच्या चाकांनी डांबरी रस्त्यावर पडलेल्या लांबट खोलगट चाकोऱ्यांत पाणी साचते, शक्य तिथे त्या टाळाव्यात. समोर अडथळा आलाच आणि गाडीला एबीएस असेल, तर ब्रेक पूर्ण दाबून धरावा. पायाखाली थरथर जाणवते, ती बिघाडाची नव्हे. चाक जाम होऊ नये म्हणून यंत्रणा काम करते आहे आणि स्टिअरिंग अजून आपल्या हातात आहे, असा तिचा अर्थ.

खांदेश्वर स्थानकावर रोज दुचाकीने जाणाऱ्यांना वेगाचे हे आकडे लागू नसले, तरी तेलकट थर त्यांना जास्त भोवतो. पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणे आणि पुलावरचे लोखंडी सांधे ओले असताना सरळ ओलांडावेत, त्यावर गाडी कलती करू नये किंवा ब्रेक लावू नये.

दिसण्याचा प्रश्नही तितकाच मोठा. काच आतून धुरकटली असेल तर एसी लावून हवेचा झोत काचेवर सोडावा, कारण एसी हवेतला दमटपणा काढून घेतो. पण कोकणच्या दमट हवेत बऱ्याचदा उलटे होते: एसीमुळे काच थंड पडते आणि बाहेरच्या बाजूने धुके धरते. तेव्हा फडक्याने आतून कितीही पुसले तरी फरक पडत नाही. एसी थोडा कमी करून वायपर फिरवावा. धावत्या गाडीचे चारही दिवे लुकलुकत ठेवण्याची फॅशनही सोडलेली बरी, त्यामुळे गाडी उभी आहे की वळणार आहे हे मागच्याला कळतच नाही. पावसात हेडलाइट पुरेत.

भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की कळंबोलीत पाणी तुंबते, गाढी फुगली की पनवेलचा सखल भाग बुडतो. अशा पाण्यात ‘जाईल, जाईल’ म्हणणाऱ्याने एक हिशेब करावा. छोट्या मोटारीच्या तळाचे क्षेत्र साधारण सात चौरस मीटर. गाडीचा तळ जमिनीपासून १७ सेंटिमीटर वर असतो. पाणी त्यावर आणखी १५ सेंटिमीटर चढले की सुमारे एक घनमीटर, म्हणजे हजार किलो पाणी बाजूला सरते. गाडीचे वजनही तेवढेच. गुडघ्याच्या खालच्याच पाण्यात ती उचलली जाऊ लागते आणि मग प्रवाह नेईल तिकडे जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मुंबईत काही जण बंद गाडीतच गुदमरून गेले. पाणी चढत असेल तर वीज सुरू आहे तोवर काच खाली करून बाहेर पडावे. काच फोडायची वेळ आलीच तर बाजूची फोडावी, कोपऱ्याजवळ. समोरची दोन थरांत चिकटवलेली असल्याने सहसा फुटून बाजूला होत नाही.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नये. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बहुतेक साध्या विमा पॉलिसींत हे नुकसान भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे जोड-कलम आधी घ्यावे लागते. तेही मेमध्येच पाहून ठेवावे.

गणपतीला गावी निघेपर्यंत रस्त्यावरचा तेलकट थर धुऊन गेलेला असतो, पण डिकीत सामान असते, मागे तिघे बसलेले असतात आणि पाण्याने भरलेले खड्डे किती खोल आहेत ते दिसत नाही. भरलेल्या गाडीसाठी त्याच तक्त्यावर दाबाचा वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो. चारही टायर त्यानुसार भरून घेताना पाचवा, स्टेपनीचा, बहुतेकांच्या मनातून निसटतो. तिच्यातली हवा गेली आहे, हे मग पेण-वडखळच्या मध्येच कुठेतरी, भर पावसात कळते.