एकाच पक्ष्याकडे पाहताना

अरण्यऋषी मारुती चितमपल्ली जन्माने सोलापूरचे. वनखात्यात त्यांनी ३६ वर्षे काढली, रानात दिसले ते रोजनिशीत टिपले आणि त्यातून ‘पक्षिकोश’सारखे ग्रंथ उभे राहिले. पद्मश्री मिळाली त्याच वर्षी, २०२५ मध्ये, सोलापुरातच त्यांचे निधन झाले. निवांतपणे पाहत राहणे हा त्यांच्या साऱ्या कामाचा पाया होता. नेमकी तीच सवय आज आपल्या हातून सुटते आहे.

कॅलिफोर्नियातील संशोधक ग्लोरिया मार्क यांनी माणसे एका स्क्रीनवर किती वेळ टिकतात, हे मोजले. २००४ मध्ये ही सरासरी अडीच मिनिटे होती. अलीकडे ती सुमारे ४७ सेकंदांवर आली. एक काम अर्धवट टाकून दुसरे धरले, तरी मन काही काळ मागच्या कामातच रेंगाळते आणि पुढचे काम बिघडते. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये हे प्रयोगांतून दाखवून दिले.

तरीही फोन हातातून का सुटत नाही? मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत कबुतरे चोचीने कळ दाबत. कितव्या टोचीला दाणा मिळेल हे ठरलेले नसले, की ती टोचतच राहत. नोटिफिकेशनचेही तसेच. मेंदूतील डोपामाइनच्या पेशी अनपेक्षित लाभाने अधिक उत्तेजित होतात. म्हणून नुसत्या इच्छाशक्तीला दोष देऊन भागत नाही. भोवतालही बदलावा लागतो.

मन स्थिरावेल असा भोवताल सोलापूरजवळ आहे. बार्शी रस्त्यावरचे नान्नजचे माळरान १९७९ पासून माळढोक पक्ष्यासाठी राखलेले आहे. माळढोक आता क्वचितच दिसतो; काळवीट मात्र दिसतात, चंडोल ऐकू येतो. अशा ठिकाणी लक्ष ओढून लावावे लागत नाही, ते आपोआप लागते आणि थकलेल्या एकाग्रतेला विसावा मिळतो. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये याची परीक्षा घेतली. झाडीतून फिरून आलेल्यांची, ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगण्याची क्षमता सुधारली. गजबजलेल्या रस्त्यावरून फिरल्यावर तशी सुधारणा दिसली नाही.

नान्नजला जाणे जमले नाही, तर शहरातच कंबर तलाव आहे. येत्या रविवारी फोन घरी ठेवून मुलांना तिथे घेऊन जा. एकच पक्षी निवडा, तो उडून जाईपर्यंत पाहा आणि जे दिसले ते वहीत लिहायला लावा. पाहण्याची सवय मुलांना आपणच लावायची आहे.