इंजिन थांबल्यावरची चार मिनिटं

सोमवारी, २५ जुलै २०२२ रोजी, इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात बारामतीहून निघालेलं सेसना १५२ विमान कोसळलं. एकटीने उड्डाण करणारी २२ वर्षांची प्रशिक्षणार्थी किरकोळ जखमांवर बचावली. कारण शोधणं चौकशीचं काम. मला वेगळीच काळजी वाटते: हवेत इंजिन थांबण्याच्या प्रसंगाचा सराव प्रशिक्षणार्थी मुलामुलींकडून कितपत खरा करून घेतला जातो?

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं, हा समज आधी सोडू. हे छोटं विमान तीन हजार फुटांवरून साधारण आठ किलोमीटर तरंगत जाऊ शकतं, म्हणजे चारेक मिनिटं हाताशी असतात. सरावात प्रशिक्षक न सांगता थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढतो. विद्यार्थ्याने सर्वांत आधी ६० नॉटचा वेग धरायचा. मग शेत निवडायचं, वारा ओळखायचा आणि त्यानंतर इंधन, मॅग्नेटो, कार्ब्युरेटर हीट तपासायची. शेत लांब वाटलं की नाक वर उचलण्याचा मोह होतो. तिथेच वेग पडतो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपते.

पण या सरावात इंजिन पूर्ण बंद नसतं. आयडलवर, म्हणजे किमान वेगावर चालणाऱ्या इंजिनाचा पंखा थोडी तरी मदत करतो. खरंच बंद पडलेल्या इंजिनाचा, वाऱ्याने फिरणारा पंखा उलट विमानाला मागे खेचतो, त्यामुळे ते अपेक्षेपेक्षा तीव्र उतारानं खाली येतं. शिवाय पाचेकशे फुटांवर थ्रॉटल पुढे ढकलून सराव संपवतात. सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे, पण कठीण भाग त्याच्याही खाली असतो. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांबांवरून अंदाज बांधावा लागतो. हिरवंगार सपाट वाटलेलं शेत पुरुषभर उंचीचा ऊस निघतं. नांगरलेल्या रानात सरीला आडवं उतरलं तर विमान उलटू शकतं.

म्हणून थ्रॉटल बंद ठेवून धावपट्टीवर शेवटपर्यंत उतरण्याचा सराव भरपूर हवा. अमेरिकेत व्यावसायिक परवान्याच्या परीक्षेत असंच उतरताना ठरलेल्या खुणेच्या अलीकडे नाही आणि पलीकडे २०० फुटांच्या आत चाकं टेकवावी लागतात.

त्याहून मोलाची शाळा ग्लायडरची, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाची. एक उदाहरण पाहा. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं बोइंग ७६७ इंधन संपून आकाशात मुकं झालं. किलोऐवजी पौंडाचा हिशेब लावल्याने भरलेलं इंधन निम्म्याहून कमी होतं. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन यांनी कॅनडातल्या गिम्लीचा जुना हवाई तळ गाठला, पण विमान फार उंच होतं. इंजिन नाही, म्हणजे दुसरी फेरी नाही. पिअरसन अनुभवी ग्लायडर वैमानिक होते. त्यांनी रडर एका बाजूला आणि पंख दुसऱ्या बाजूला झुकवून त्या अवाढव्य विमानाला साइडस्लिपमध्ये, म्हणजे तिरक्या घसरणीत घातलं, ग्लायडरमध्ये करतात तसं. उंची झपाट्याने उतरली, वेग मात्र वाढला नाही. विमानातले ६९ जण वाचले.

ग्लायडरचं प्रत्येक उतरणं इंजिनाविनाच असतं. चुकलं तर पुन्हा वर जायची सोय नसते. आपल्याकडे पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, बारामतीहून शंभरेक किलोमीटरवर. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. पहिल्या सोलो क्रॉस-कंट्रीआधी, म्हणजे एकट्याने करायच्या लांबच्या उड्डाणाआधी, प्रत्येक प्रशिक्षणार्थीने दहा तास तरी ग्लायडरमध्ये काढावेत, असा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) करावा. खर्च वाढेल, वेळापत्रकं लांबतील, फ्लाइंग क्लब कुरकुरतील. तरीही तो करावा.