पीकसंरक्षणाची बंदूक आणि गोळीचे योग्य अंतर

भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या, मक्याच्या कणसांत दाणा धरला, उसास गोडी चढली, की रानडुकरांचे कळप शिवारात उतरू लागतात. कळप जेवढे खातो त्याहून कितीतरी अधिक पीक तो उकरून आणि तुडवून टाकतो. कुंपण, राखण, उजेड व आवाज हे उपाय थकले म्हणजे काही शेतकरी परवान्याच्या बंदुकीचा आधार घेतात. अशा वेळी पहिला विचार व्हावयास हवा तो अंतराचा. फार लांबून झाडलेल्या गोळीने पीक वाचत नाही. जनावर मात्र जखमी होऊन हालहाल होत मरते आणि पुष्कळदा माणसाच्या जिवावर बेतते.

आधी परवानगी

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. परंतु रानडुकरास मारावयाचे झाल्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकाचा अथवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश हाती असावा लागतो. आदेशातील जागा, मुदत व अटी यांबाहेर जाता येत नाही. मारलेले जनावर कलम ३९ अन्वये शासनाची मालमत्ता ठरते. त्याचे मांस घेता येत नाही.

माशी किती झाकते?

अशा बंदुकीस दुर्बीण नसते. नळीच्या टोकाशी असलेली माशी आणि काही बंदुकांवर मागील बाजूस असलेली खाच एवढ्यांवरच नेम धरावा लागतो. माशी सुमारे ३ मिलिमीटर जाडीची आणि डोळ्यापासून ९० सेंटिमीटर अंतरावर आहे असे धरले, तर हे प्रमाण १ ला ३०० असे पडते. म्हणजेच ३० मीटरवर माशी १० सेंटिमीटर जागा झाकते, ६० मीटरवर २० सेंटिमीटर आणि ९० मीटरवर ३० सेंटिमीटर.

आता जनावराकडे पाहावे. आडव्या उभ्या असलेल्या मोठ्या रानडुकराचे हृदय व फुफ्फुसे पुढच्या पायाच्या मागे, साधारण वीतभर जागेत असतात. वीत म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर. याचा अर्थ असा की, ६० मीटरवर माशी ही सर्व जागा झाकून टाकते. नेम नेमका कोठे आहे हे मग दिसतच नाही. तो केवळ अंदाज उरतो.

दुसरी अडचण गालाची. मागे खाच नसलेल्या बंदुकीत नेमबाजाचा डोळा हीच मागची खूण असते. दस्त्यावरचा गाल ३ मिलिमीटर सरकला, तर ३० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर ढळते, म्हणजे वितीच्या मध्यावरून तिच्या काठावर जाते. ६० मीटरवर ती २० सेंटिमीटर ढळून पोटात किंवा पायात बसते. शिवाय गोल शिशाच्या गोळीचा वेग अंतराबरोबर झपाट्याने घटतो, आणि वयात आलेल्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीचे कवच असते.

छऱ्यांनी अंतर वाढते ही समजूत चुकीची आहे. सरळ नळीच्या बंदुकीतून ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६ मीटरवर, ३० इंच व्यासाच्या वर्तुळात ४० टक्क्यांच्या आसपासच छरे पडतात. वितीत पडणारे त्याहूनही थोडे. यास्तव मोठे छरेदेखील २५ मीटरच्या आतच वापरावे.

आपले अंतर ठरविण्याची रीत

बंदूक किती लांब मारते, हा प्रश्न येथे गौण आहे. आपण स्वतः किती अंतरावरून प्रत्येक गोळी वितीत बसवू शकतो, हा खरा प्रश्न होय. चांदमारीच्या अधिकृत जागी पुठ्ठ्यावर वीतभर व्यासाचे वर्तुळ काढावे आणि मचाणावर जसे बसावयाचे तसेच बसून २० मीटरवरून ५ गोळ्या झाडाव्या. पाचही आत पडल्या तर ३० मीटरवर जावे, मग ४० वर. चार आत व एक बाहेर, हे अंतर आपले नव्हे. जे अंतर ठरेल त्यातून शेतातील अंधार व छातीची धडधड यांसाठी चौथा हिस्सा वजा करावा. बहुतेकांचे अंतर ३० मीटरच्या आतच भरेल. त्यात कमीपणा नाही. चाळिशीनंतर जवळची माशी अंधुक दिसू लागते, तेव्हा ही परीक्षा दरवर्षी नव्याने घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना ही गोष्ट बंदुकीवाचूनही पटवून देता येईल. काठीच्या टोकास ज्वारीचा बारीक दाणा मेणाने चिकटवावा, तो डोळ्यापासून सुमारे ९० सेंटिमीटरवर धरावा आणि ८० पावलांवरील वीतभर वर्तुळाकडे पाहण्यास सांगावे. दाण्याआड वर्तुळ नाहीसे झालेले पाहिले की अधिक सांगावे लागत नाही.

शेतात मात्र अंतर डोळ्यांनी जोखू नये, कारण अंधारात ते फसवे असते. दिवसा दोरीने मोजून मचाणापासून आपल्या अंतरावर चुना लावलेले दगड मांडून ठेवावे. दगडांपलीकडील जनावरावर गोळी झाडू नये.

गोळी केव्हा झाडू नये

जनावर पळत असेल, समोरून किंवा पाठमोरे असेल, कळपात दुसऱ्यास लागून उभे असेल, अंगावर पट्टे असलेली लहान पिले मादीसोबत असतील, अथवा माशी स्पष्ट दिसत नसेल, तर घोड्यावरील बोट काढून घ्यावे. जनावराच्या मागे मातीचा आडोसा नसेल तर गोळी पलीकडच्या वस्तीवर जाऊ शकते. मचाणावरून खाली झाडलेली गोळी जमिनीत शिरते, म्हणून मचाण अधिक सुरक्षित.

जनावर जखमी झाल्यास

गोळी लागून जनावर पळाले तर लगेच मागे धावू नये. जागेची खूण धरून निदान अर्धा तास थांबावे. फेसाळ, तांबडे रक्त फुफ्फुसाची जखम दर्शविते. काळपट व शेणाचा वास येणारे रक्त पोटाची. पोटात गोळी लागलेले जनावर तासन् तास जिवंत राहते आणि उसाच्या फडात दडून बसते. दुसऱ्या दिवशी तोडणीस गेलेल्या बायामाणसांवर तेच उलटते. म्हणून वनरक्षकास त्याच वेळी कळवावे, शेजाऱ्यांना सावध करावे आणि एकट्याने फडात शिरू नये.

सोडून दिलेले जनावर उद्या पुन्हा पिकात येईल, हे खरे. त्याने केलेल्या नुकसानीची खबर विनाविलंब वनखात्यास देऊन भरपाई मागता येते. पोटात गोळी घेऊन फडात शिरलेल्या जनावराने माणूस फाडला, तर ती हानी कोणत्याही भरपाईने भरून येत नाही. म्हणून हंगामापूर्वीच आपले अंतर ठरवावे, दगड मांडावे आणि त्यापलीकडे बंदूक उचलू नये.