एक किलोबाइटचा संगणक

1981 सालच्या मार्च महिन्यात इंग्लंडमध्ये एक छोटेखानी संगणक विक्रीस आला. त्याचे नाव झेडएक्स-81. क्लाइव्ह सिंक्लेअर या उद्योजकाच्या कंपनीने तो तयार केला होता. त्या काळी संगणक म्हटला, म्हणजे मोठ्या कचेऱ्यांत आणि विद्यापीठांत असावयाची महागडी वस्तू, अशीच बहुतेकांची समजूत होती. झेडएक्स-81 ची किंमत मात्र अवघी 69.95 पौंड होती. आणि सुटे भाग घेऊन घरीच डाख लावून जोडण्याची ज्याची तयारी असे, त्याला तो 49.95 पौंडांतच मिळे. पाहता पाहता असे पंधरा लाखांहून अधिक संगणक खपले आणि कितीतरी मुलांनी आपली पहिली आज्ञावली त्यांवरच लिहिली.

एवढी स्वस्ताई साधावयाची, तर काटकसर ही आलीच. काळ्या प्लॅस्टिकच्या चपट्या पेटीत मोजक्या चारपाच चिपा होत्या. पडदा नव्हता, घरातील दूरचित्रवाणी संचच त्याला जोडावा लागे. आज्ञावली जपून ठेवण्यासाठी गाण्यांच्या कॅसेटीचे यंत्र चाले. कळफलकही नावापुरताच होता. त्यावरील 40 कळा म्हणजे सपाट पापुद्र्यावर छापलेले चौकोन! दाबल्या तरी त्या बोटाला दबल्यासारख्या वाटत नसत. पण त्यात एक युक्ती होती. ‘प्रिंट’ ही आज्ञा लिहावयाची झाल्यास तिची पाच अक्षरे टंकावी लागत नसत. ‘पी’ची एकच कळ दाबली की अख्खा शब्द उमटे आणि स्मृतीत तो एकाच बाइटची जागा घेई.

खरी गंमत होती ती चित्राची. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील चित्र स्थिर दिसले, तरी ते सतत नव्याने काढावे लागते. इंग्लंडमध्ये दर सेकंदास 50 वेळा. इतर संगणकांत त्या कामासाठी स्वतंत्र चिप असे. येथे मात्र हिशेब करणारी चिपच चित्रही काढी. चूल फुंकणारी आणि पोळ्या लाटणारी व्यक्ती एकच असावी, तसा हा प्रकार! फुंकणे थांबले की जाळ विझणार. म्हणून लाटण्याचे काम मधल्या फुरसतीत उरकावयाचे. पडद्याच्या वरचा व खालचा भाग कोरा असे. तेवढा भाग सरकेपर्यंतच चिपेला आज्ञावलीकडे लक्ष देण्यास सवड मिळे. यालाच ‘स्लो’, म्हणजे संथ रीत म्हणत. घाई असल्यास ‘फास्ट’ ही आज्ञा द्यावी. मग चित्र नाहीसे होई, हिशेब सुमारे चौपट वेगाने चाले आणि उत्तर तयार झाले की चित्र परत येई. आधीच्या, 1980 सालच्या झेडएक्स-80 मध्ये तर संथ रीतच नव्हती. त्यात कळ दाबली की पडदा क्षणभर लुकलुके.

सर्वांत मोठी अडचण स्मृतीची. मूळ यंत्रात ती फक्त एक किलोबाइट, म्हणजे 1024 बाइट होती. देवनागरीतील एक सुटे अक्षर आजच्या संगणकात सामान्यतः 3 बाइट घेते. त्या हिशेबाने या पाठाचा पहिला परिच्छेदही तेवढ्या जागेत मावणार नाही. त्यांतील 125 बाइट यंत्र स्वतःच्या नोंदींसाठी राखून ठेवी. पडद्यावर 24 ओळी आणि प्रत्येक ओळीत 32 अक्षरे. तो पूर्ण भरला, तर 793 बाइट खर्च होत. उरले किती? अवघे 106! म्हणून रिकाम्या ओळींची जागा यंत्र आवरून घेई. कोरा पडदा 25 बाइटांतच बसे.

अशा वेळी एकेक बाइट वाचविण्यासाठी मुले नाना क्लृप्त्या लढवीत. आज्ञावलीत नुसते शून्य लिहिले, तरी ते 7 बाइट खाई. कारण अंकापुढे यंत्र त्याच संख्येचे 6 बाइटांचे आपल्या सोयीचे रूप लिहून ठेवी. परंतु ‘पाय’ या कळीने वर्तुळाचा परिघ आणि व्यास यांचे गुणोत्तर मिळे. ते शून्य नसल्यामुळे ‘नॉट पाय’चे उत्तर शून्य येई, आणि हे दोन शब्द मिळून 2 बाइटच होत. एका शून्यामागे 5 बाइटांची बचत! जाणत्या मुलांच्या आज्ञावल्यांत वर्तुळाचा काही संबंध नसताही जागोजागी ‘पाय’ दिसे, तो यामुळे.

ज्यांना ही ओढाताण सोसवत नसे, ते 16 किलोबाइटांची जादा स्मृतीची पेटी यंत्राच्या पाठीमागे खोचीत. दुर्दैवाने ती तेथे डगमगे. मासिकात छापलेली लांबलचक आज्ञावली तासभर खपून टंकावी, शेवटची ओळ लिहिताना यंत्राला जरासा धक्का लागावा, आणि सारे लिहिलेले क्षणात पुसले जावे, असे अनेकांच्या वाट्याला आले. मग कोणी ती पेटी चिकटपट्टीने जखडून टाकी, तर कोणी चिकट लगद्याने.

ज्यांच्याजवळ ती पेटी नव्हती, त्यांनीही हार मानली नाही. डेव्हिड हॉर्न यांनी मूळच्या एक किलोबाइटमध्ये चक्क बुद्धिबळ खेळणारी आज्ञावली बसविली. राजाला हत्तीच्या आडोशास नेण्यासारखे काही नियम गाळावे लागले खरे. पण ती प्रतिपक्षाची चाल पाही आणि आपली चाल करी. तिची लांबी होती 672 बाइट. बुद्धिबळाची याहून लहान आज्ञावली निघाली ती थेट 2015 साली.