प्रथमोपचाराचा वर्ग आणि अवघड प्रशिक्षणार्थी

पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकावर सकाळच्या गाड्यांतून उतरणाऱ्या कामगारांची रीघ तारापूर औद्योगिक वसाहतीकडे वळते. १९६९ साली देशातील पहिले अणुविद्युत केंद्र तारापूरला कार्यान्वित झाले. बोईसरलगतच्या वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. रोजगाराबरोबर धोकाही आला. ११ जानेवारी २०२० रोजी येथील एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात अनेकांचे प्राण गेले, ही घटना या परिसराच्या स्मरणात आहे.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळण्याची सोय झाली आहे. तथापि रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी पहिली काही मिनिटे जखमीच्या शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याचीच असतात. हृदयक्रिया थांबल्यावर चारपाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. हे ओळखूनच १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४५ ने दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळण्यासाठी प्रमाणपत्रधारक व्यक्ती असावी, असा दंडक घालून दिला. ही व्यक्ती तयार होते ती प्रशिक्षणवर्गात. आणि त्या वर्गात सर्वच शिकणारे सारखे नसतात.

अवघड कोणाला म्हणावे ?

वर्गात मध्येच बोलणारा, प्रत्येक गोष्टीला हरकत घेणारा, हसणारा, मागच्या बाकावर गप्प बसणारा किंवा उशिरा येणारा अशा प्रशिक्षणार्थ्याला ‘अवघड’ म्हणण्याची रीत आहे. परंतु अवघड असते ते वर्तन, माणूस नव्हे. रात्रपाळी संपवून थेट वर्गात आलेल्या कामगाराला डुलकी लागली, तर ती बेफिकिरी मानता येत नाही. म्हणून कारणाचा शोध हे प्रशिक्षकाचे पहिले काम होय. हा शोध चारचौघांत न घेता, मधल्या सुटीत, एकट्याशी बोलून घ्यावा. सर्वांदेखत केलेली कानउघाडणी क्वचितच सुधारणा घडविते. बहुधा ती हट्टच वाढविते.

अनुभवाचा ताठा

वीस वर्षे नोकरी झालेला एखादा पर्यवेक्षक वर्गात ठामपणे सांगतो, ‘अंगावर आम्ल उडाले की आम्ही चुन्याची निवळी लावतो. पुस्तक काय सांगते ते राहू द्या.’ त्याच्या शब्दाला शिकाऊ कामगारांत मान असतो. त्याला तेथेच खोटे पाडले, तर तो मनाने वर्गाबाहेर जातो. आणि त्याचे म्हणणे तसेच सोडून दिले, तर वीस जण चुकीचा उपचार शिकून बाहेर पडतात. दोन्ही मार्ग घातक आहेत.

अशा वेळी त्याच्या अनुभवालाच प्रश्न विचारावा : ‘निवळी शोधून आणेपर्यंत किती वेळ गेला ? तोवर आम्ल कोठे होते ?’ आम्ल आणि अल्कली एकत्र आले की उष्णता निर्माण होते आणि भाजलेल्या कातडीला आणखी इजा पोहोचू शकते, हे कारण त्यानंतर सांगावे. भिजलेले कपडे काढून, वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे अंग धुणे हाच पहिला उपचार; रसायन कोरड्या भुकटीच्या रूपात असेल, तर आधी ती झटकावी, हे प्रात्यक्षिकाने दाखवावे. आपल्या खात्यात पाण्याचे फवारे कोठे आहेत आणि त्यांच्या वाटेत पिंपे रचलेली असतात काय, हे वर्गाला सांगण्याचे काम त्याच पर्यवेक्षकाकडे सोपवावे. मान राहिला की चूक सोडणे सोपे जाते.

सर्पदंशाच्या बाबतीतही हेच घडते. आसपासच्या पाड्यांतून आलेला तरुण दंशाची जागा कापण्याचा किंवा आवळून बांधण्याचा आग्रह धरतो, कारण घरच्या वडीलधाऱ्यांकडून त्याने तेच ऐकलेले असते. त्याच्या घराण्याचा उपहास न करता, या उपायांनी रक्तस्राव होतो व अवयव निकामी होण्याचा संभव असतो, हे समजावून द्यावे. रुग्णाला धीर देऊन, अवयव न हलविता, तातडीने रुग्णालयात नेणे हेच खरे साहाय्य होय.

मौनामागचे कारण

गप्प राहणारा प्रशिक्षणार्थी त्रास देत नाही, म्हणून त्याच्याकडे लक्षही जात नाही. या वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. मराठी व्याख्यान त्यांना नीट समजत नाही आणि तसे सांगण्याचा संकोच वाटतो. काहींना वाचता येत नाही; तेही ते लपवितात. अशांची परीक्षा हाताने घ्यावी. बाहुलीच्या छातीवर मिनिटास १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देणे, तीस दाबांनंतर दोन श्वास देणे, पट्टी बांधणे, या गोष्टींना लिपी लागत नाही. नवख्या कामगाराची जोडी त्याची भाषा जाणणाऱ्या सहकाऱ्याशी लावावी.

थट्टेमागची भीती

बाहुलीला श्वास देताना हशा पिकविणारा कामगार नेहमीच उथळ नसतो. रक्ताची धास्ती किंवा डोळ्यांपुढे घडलेल्या अपघाताची आठवण तो हसण्याआड लपवीत असेल. अशाला वर्गाबाहेर काढण्याआधी एकांतात विचारावे आणि लहान काम देऊन सुरुवात करावी. मात्र जिवंत सहकाऱ्याच्या छातीवर दाब देऊन पाहणे किंवा धोक्याची घंटा खेळ म्हणून वाजविणे, यांना क्षणभरही थारा देऊ नये. तेथे प्रशिक्षकाने वर्ग थांबवावा, स्पष्ट शब्दांत मनाई करावी आणि झाल्या प्रकाराची नोंद ठेवावी.

प्रमाणपत्राची कसोटी

सर्व उपाय करूनही एखाद्याला कौशल्य साधत नाही. वायूने भरलेल्या टाकीत सहकारी कोसळला, तर श्वसनसाधनाशिवाय आत उतरू नये, हा नियम तो परीक्षेतही मोडतो. अशा वेळी ‘एवढ्या लांबून आला आहे, देऊन टाका’ ही दया दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. बंदिस्त जागेत मदतीला धावलेला माणूसच दुसरा बळी ठरतो, हा जगभरचा अनुभव आहे. म्हणून नेमके काय चुकले ते लेखी द्यावे, सरावाला वेळ द्यावा आणि पुन्हा परीक्षा घ्यावी. परंतु कसोटी सर्वांना एकच ठेवावी. व्यवस्थापनानेही अनुत्तीर्ण कामगाराला शिक्षा करू नये. शिक्षेच्या भीतीने माणूस आपले अज्ञान झाकतो आणि झाकलेले अज्ञान अपघाताच्या क्षणीच उघडे पडते.

वर्गात सर्वांत जास्त शंका काढणारा माणूस एकदा पटले की तीच गोष्ट आपल्या खात्यात हिरिरीने सांगतो. त्याला वर्गात टिकवून धरण्यासाठी खर्ची पडलेला अर्धा तास एखाद्या पाळीत, एखाद्या यंत्राजवळ, कोणाचा तरी प्राण वाचविण्याच्या कामी येईल. प्रशिक्षकाच्या संयमाचे मोल त्या क्षणी कळते.