मावळ्यांच्या पायाखालचं चुंबक

दिवाळीत पनवेलच्या सोसायट्यांच्या आवारात मातीचे किल्ले उभे राहतात. किल्ला जागेवरच बांधला जातो, मावळे मात्र प्रवास करतात: माळ्यावरून खाली, एका घरातून दुसऱ्या घरी, कधी मामाच्या गावाला. रद्दीत गुंडाळून खोक्यात भरले की ते एकमेकांवर आपटतात आणि भाल्याचं टोक तुटतं. पटावर छोट्या सैनिकांच्या लढाया खेळणाऱ्या परदेशी हौशी मंडळींनी यावर स्वस्त तोड काढली आहे. सैनिकाच्या तळाला छोटं चुंबक चिकटवायचं आणि त्याला लोखंडी पत्र्यावर उभं करून न्यायचं.

पत्रा कुठला, हे महत्त्वाचं. स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताट बहुधा कामाला येत नाही. त्यात लोखंडच जास्त असतं, पण मिसळलेलं निकेल किंवा मँगनीज लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलून टाकतं, आणि नव्या मांडणीत ते चुंबकाला दाद देत नाहीत. निकेल स्वतः चुंबकाला चिकटतं, तरीही! त्याच ताटाच्या वळवलेल्या काठाला कधीकधी थोडी ओढ जाणवते, कारण पत्रा थंड असताना वाकवला की तिथली मांडणी थोडी पुन्हा पालटते. म्हणून बिस्किटांचा जुना डबा घ्या. तो कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचा असतो.

तळाला चिकटवायचं चुंबक निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं. ते १९८४च्या सुमारास जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे पुढे आणलं. शर्टाच्या बटणापेक्षा लहान चकती मातीच्या मावळ्याला सहज पेलते. पण ते सरळ ओढताना. बाजूने सरकवायला त्या ताकदीचा छोटासा हिस्सा पुरतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर मावळे घसरतात ते त्यामुळेच. पत्र्यावर पातळ कागद चिकटवला तर घर्षण वाढतं. जाड पुठ्ठा नको, मिलिमीटरभर फटीनेही पकड झपाट्याने घटते.

सगळ्या चकत्यांचा एकच ध्रुव खाली ठेवा, म्हणजे शेजारचे मावळे एकमेकांना दूर लोटतात, चिकटत नाहीत. चिकटवायला एम-सील बरं. फेव्हिक्विक झटक्याने सुटू शकतं. चकतीवरचा निकेलचा मुलामा खरवडू नका, कोकणच्या दमट हवेत ती आतून गंजून भुगा होते.

सुट्या चकत्या लहान मुलांच्या हाती मुळीच लागू देऊ नका. दोन गिळल्या गेल्या तर त्या आतड्याच्या दोन वेढ्यांना मधे चिमटून भोक पाडतात. तशी नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावं.